उतारा

दर रविवारी सकाळी अर्नाळ्याच्या एसटीतून माझा भाचा विरारला उतरतो. त्याचा गणिताचा क्लास असतो आणि क्लासला पळण्याआधी माझ्या हातात एक पिशवी द्यायची असते. पिशवीत ओलं फडकं आणि फडक्यात काकीच्या वाडीतला ऐवज: मुळांसकट कोथिंबीर, पुदिन्याची जुडी, कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या, पानओव्याची जाड लवदार पानं, गवती चहा, पावसाळा सरताना हळदीचं एखादं हातभर पान. तळाशी कधी कागदात सुकी करदी असते. तिचा वास बाकीच्यांना लागू नये म्हणून काकी पुडीला तीन गाठी मारते. त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. एसटीतल्या शेजाऱ्याला करदी कळते, कंडक्टरला कळते आणि गणिताच्या सरांनाही कळत असावी.

ही पिशवी मी मागून घेतलेली आहे. दोन वर्षांपूर्वी पोटाच्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. मी दारू पीत नाही, हे मी डॉक्टरांनी विचारायच्या आत सांगून टाकलं. ते हसले. आता बहुतेक जण हेच सांगतात, म्हणाले. साखर काठावर, ट्रायग्लिसराइड काठाच्या पलीकडे. घरी काय खाता, असं विचारल्यावर मी भात, भाजी, मासे म्हणाले. ते खोटं नव्हतं, फक्त जुनं होतं. अठ्ठावीस वर्षं विरार-चर्चगेट केल्यावर, रात्री आठला घरात पाय टाकणाऱ्या बाईच्या ओट्यावर काय असतं ते मला ठाऊक होतं. तयार ग्रेव्ही, दोन मिनिटांत होतात असं सांगणाऱ्या शेवया, सॉस, स्लाइस ब्रेड, गोठवलेले पराठे. विळी माळ्यावर गेली होती आणि तिच्या जागी खुंटीला कात्री लटकत होती.

मग घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश आला. पाकिटातल्या रसायनांचं विष उतरवणारी सात पानं. कोथिंबीर जड धातू बाहेर ओढते, कढीपत्ता चरबी विरघळवतो, हळद यकृत धुते, पुदिना आतडी धुतो. सगळंच धुणं. मी त्याच संध्याकाळी काकीला फोन केला, आणि कशाला हवं ते न विचारता तिने पाठवायला सुरुवात केली.

उतारा हा आपल्याकडे फार कामाचा शब्द आहे. विंचू चावला की उतारा लागतो. पोराला दृष्ट लागली की भाकरीवर मिरची ठेवून तिकाटण्यावर टाकून येतात, तोही उतारा. शाळेच्या पुस्तकात खालील उतारा वाचून उत्तरं लिहायची असतात. आणि तलाठ्याकडे जाऊन आणतात तो सातबाराचा. मला पहिल्या जातीचा हवा होता आणि मी तो दुसऱ्या जातीच्या भाबडेपणाने शोधत होते. तिसरा वाचायला बसले, तेव्हा गोष्ट जरा वेगळी दिसायला लागली. चौथ्यावर मी शेवटी येते.

तिसरा उतारा म्हणजे पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं. एका रविवारी क्लास रद्द झाला म्हणून भाचा माझ्याकडेच थांबला होता. मी चष्मा लावून पाकिटं ओळीने मांडली होती. त्याने एक उचललं, वाचलं आणि विचारलं, “आत्या, यात आपलं जहाज कशाला?” पाकिटावर आयएनएस लिहिलं होतं. 18 जून 2025 ला विशाखापट्टणमला नौदलात ‘आयएनएस अर्नाळा’ दाखल झाली, पाणबुड्यांचा माग काढणारी, आमच्या किल्ल्याच्या नावाची. तेव्हापासून त्याच्या लेखी आयएनएसचा अर्थ एकच. मग त्याला समजावलं की हे आयएनएस निराळं. खाण्यात मिसळायच्या पदार्थांना जगभर सारखे ओळखता यावेत म्हणून दिलेले हे आकडे. 211 म्हणजे सोडियम बेंझोएट, सॉसला बुरशी लागू देत नाही. 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबाचं आंबटपण. 471 तेल आणि पाणी यांना एकत्र नांदवतो. 102 म्हणजे टारट्राझिन, पिवळा रंग.

“आणि 100?” त्याने मुद्दाम विचारलं, पहिला नंबर कुणाचा म्हणून.

शोधलं. 100 म्हणजे कुरकुमिन. हळद!

मी हसत सुटले. ज्या यादीवर उतारा म्हणून मी रोज सकाळी हळदीचं पाणी पीत होते, त्या यादीत पहिल्या बाकावर हळदच बसली होती. पुढे वाचत गेलो तसा आणखी गोतावळा निघाला. 160सी मिरचीच्या लाल अर्काचा, 162 बीटाच्या रंगाचा. 412 म्हणजे ग्वार गम, आपल्या गवारीच्या बियांचा डिंक. 437 चिंचोक्यांचा. 300 म्हणजे क जीवनसत्त्व. नंबर पडला म्हणून वस्तू विषारी होत नाही आणि वाडीतून आली म्हणून औषधीही होत नाही, हे त्या दुपारी भाच्याला माझ्याआधी कळलं. तो म्हणाला, “म्हणजे काही गुंड आणि काही आपल्यातलेच.” मी म्हटलं, साधारण तसंच, पण गुंडही किती आणि कुठे, यावर आहे. आपल्या कायद्यात खाण्याचे कृत्रिम रंग आठच मान्य आहेत, तेही ठरावीक पदार्थांत आणि सर्वसाधारणपणे दहा लाखांत शंभर भाग या मर्यादेत.

काळजी करावी असं त्या यादीत काहीच नाही, असं मात्र नव्हे. 466 हा आकडा मला आइस्क्रीमसारख्या एका डब्यावर सापडला. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज. 2015 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात बेन्वा शासँ आणि अँड्र्यू गेवर्ट्झ यांच्या गटाने एक प्रयोग छापला. उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात त्यांनी हा 466 आणि त्याचा भाऊबंद 433 थोड्या प्रमाणात घातला. आतड्याच्या आतून शेंबडासारखा एक थर असतो. आतले जिवाणू आणि आपण यांच्यातलं ते कुंपण. उंदरांमध्ये ते कुंपण विरलं, जिवाणू आतड्याच्या भिंतीशी येऊन टेकले, बारीक दाह सुरू झाला आणि उंदरांचं वजन आणि साखर दोन्ही वाढली. पुढे माणसांवरही छोटी चाचणी झाली. सोळा जण, अकरा दिवस, त्यांतल्या काहींना रोज 15 ग्रॅम 466. आतड्यातल्या जिवाणूंची घडी बदलली, दोघांमध्ये ते कुंपणात घुसलेलेही दिसले. 15 ग्रॅम ही फार मोठी मात्रा, आणि सोळा माणसं फार थोडी. पण तेल-पाण्याला एकत्र नांदवणारा पदार्थ आपल्या आतल्या भिंतीशीही तेच करत असेल का, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की डबा परत फ्रीजमध्ये ठेवताना हात थोडा थांबतो.

मग पानांचं काय? त्यांच्या बाजूनेही मी तेवढ्याच चिकाटीने वाचलं, कारण मला ती जिंकायला हवी होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आर. डी. शर्मा आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मधुमेहींना मेथीच्या दाण्यांची तेल काढलेली पूड दिली आणि साखर उतरली. पूड किती? दिवसाला 100 ग्रॅम. आमच्याकडे लोणच्याच्या मसाल्यात चमचाभर मेथी जास्त पडली तर घरात आठवडाभर त्याची चर्चा होते. हळदीचंही तसंच. हळदीत कुरकुमिन शंभरात तीन-चार भाग. चौघांच्या भाजीतल्या अर्ध्या चमच्यातून एकेकाच्या वाट्याला किती आलं त्याचा हिशेब केला, तर प्रयोगांतल्या 500 आणि 1000 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलशेजारी तो मांडवतही नाही. शिवाय आलं तेही रक्तात धड शिरत नाही. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं की सोबत मिऱ्यातलं पायपरिन दिलं तर कुरकुमिन रक्तात कित्येक पट जास्त उतरतं. हे वाचून मी हळदीच्या पाण्यात मिरपूड घालायला लागले. मिरं शरीराचा दरवाजा उघडतं, पण कुणाकुणासाठी उघडायचा हे ते विचारत नाही. रक्तदाबाची, साखरेची गोळीही त्याच दारातून जात असते. हे मला नंतर कळलं.

आमसुलाचा एक मलबारी चुलतभाऊ आहे. त्याच्या सालीतल्या आम्लाने चरबी झडते म्हणून जगभर कॅप्सुली खपल्या. 1998 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 135 जणांवरची बारा आठवड्यांची चाचणी छापून आली. कॅप्सूल खाणारे आणि पिठाची गोळी खाणारे, दोघांच्या वजनात म्हणावा असा फरक नाही. आमसुलाचं सार तेवढ्याने आंबट लागायचं थांबत नाही. पण सार निराळं आणि सत्त्व निराळं.

खरी चपराक पुढे बसली. ग्रुपवरच्या त्या संदेशात सात पानांखाली आठवं नाव होतं गुळवेल. ती काकीच्या कुंपणावर नव्हती, म्हणून मी बाहेरून चूर्ण आणलं आणि तीन महिने नेमाने काढा घेतला. पुढच्या तपासणीत यकृताचे आकडे उतरायच्या ऐवजी चढलेले. डॉक्टरांनी गोळ्यांची यादी पाहिली, ती ठीक होती. मग खुर्ची मागे सारून विचारलं, “काढा कुठला चालू आहे?” कुठला, असं विचारलं, चालू आहे का, असं नाही. मी गुळवेल म्हटल्यावर त्यांनी मुंबईतला प्रसंग सांगितला. करोनाच्या पहिल्या वर्षी लोक घराघरांत गुळवेल उकळत होते, तेव्हा डॉ. आभा नगराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले, सगळे गुळवेल घेणारे. 2021 मध्ये ते छापून आलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते म्हणाले. वाद राहिला. “वाद त्यांना करू दे, तुम्ही पुडी बंद करा,” डॉक्टर म्हणाले. केली. दोन महिन्यांनी आकडे खाली आले. ते कशाने चढले आणि कशाने उतरले, हे एका बाईच्या रक्तावरून सिद्ध होत नाही. मी ते सिद्ध करायलाही बसलेले नाही.

सगळ्यात अवघड होतं काकीला सांगणं. तिची पानं मी काढ्यात उकळली, सकाळी नाक दाबून प्यायले, आणि आता डॉक्टर काढा नको म्हणतात. अर्नाळ्याला जाऊन ओसरीवर बसून सांगितलं. काकी वाडवळीत बोलते. मी इथे तिला माझ्या पुस्तकी मराठीत आणते आहे आणि त्यात निम्मी चव जाते, पण इलाज नाही. ती पुदिन्याची पानं खुडत होती. मान वर न करता म्हणाली, “बाय, पानं मी चटणीसाठी पाठवली होती.”

त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघी हसत होतो. मी जरा जास्त.

चटणीसाठी. हे मला का सुचलं नव्हतं? परतताना दोन बहिणी आठवल्या. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन आलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ. त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत कडधान्यांवर आणि नीरेवर काम केलं. शिंदी-माडाच्या झाडाची पहाटेची नीरा, जी आमच्या या किनाऱ्यावर लहानपणी आम्ही पेल्याने प्यायलो, तिच्यातल्या पोषणाचा त्यांनी प्रयोगशाळेत हिशेब मांडला. त्या कामाला राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. पुढे कंझ्युमर गायडन्स सोसायटीत बसून त्यांनी अन्नातल्या भेसळीवर सामान्य बायकांसाठी लिहिलं. त्यांचं ‘आहार-गाथा’ माझ्या आईकडे होतं, पानांना हळदीचे डाग पडलेलं. दुसरी बहीण दुर्गा भागवत. त्यांनी ‘खमंग’ लिहिलं. एका घरातल्या दोन मुली. एक पदार्थात काय आहे ते मोजते, दुसरी पदार्थ कसा लागतो, कुणाकडे कसा करतात ते सांगते. मी दोन वर्षं फक्त मोजणाऱ्या बहिणीचा दरवाजा वाजवत होते, तोही अर्धवट वाचून. चटणी ‘खमंग’च्या बाजूला येते. आणि मला वाटतं, माझ्या यकृताचं जे काही भलं झालं असेल ते त्या बाजूनेच झालं.

कसं, ते सांगते. पिशवी रविवारी येते. कोथिंबीर मंगळवारपर्यंत टवटवीत, बुधवारी पिवळी. पुदिना त्याहून मानी. सोमवारी रात्री पाहिलं नाही तर मंगळवारी काळा. पानओवा दोन दिवसांत मऊ पडतो. फेकवत नाही, कारण फेकताना ओणवून पाणी घालणारी बहात्तर वर्षांची बाई डोळ्यांपुढे येते. मग काय करणार? रात्री आठला चपला काढून, कुरकुरत, विळी मांडायची. पुदिना, मिरची, ओलं खोबरं, लसणीच्या पाकळ्या, आमसूल. हिरवं वाटण झालं की त्याला काहीतरी लागतंच. फ्रीजरमधल्या पराठ्याला ते शोभत नाही. मग बाजारातून चार बांगडे येतात, किंवा निदान वालाची पापडी आणि रताळी पातेल्यात ओव्याबरोबर वाफवली जातात. ओवा पडला की घरात उकडहंडीचा वास सुटतो आणि नवरा टीव्ही सोडून आत येतो. पानाने पाकिटातलं काही धुतलं नाही. त्या रात्री पाकीट फुटलंच नाही, इतकंच.

पाकिटातल्या त्या बऱ्याचशा आकड्यांचं काम एकच, अन्नाला थांबायला लावणं. नऊ महिने थांब, दुकानात थांब, गोदामात थांब, घरच्या बाईला वेळ होईपर्यंत थांब. वास्तविक ती सोय माझ्यासारखीसाठीच केलेली आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही; लोकलच्या गर्दीत अठ्ठावीस वर्षं मला त्या थांबण्याने सांभाळलं. फक्त जे थांबतं ते किती खाल्लं जातं, हेही पाहिलं पाहिजे. 2019 मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी वीस माणसांना महिनाभर एका ठिकाणी ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातलं खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. साखर, चरबी, मीठ, चोथा दोन्हींत सारखा वाढला आणि हवं तितकं खा म्हणून सांगितलं. कारखान्याच्या आठवड्यांत माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि वजन जवळजवळ किलोभर वाढलं. एकट्या 466 वर किंवा 102 वर हा गुन्हा लावता येत नाही. कारखान्याचं खाणं मऊ असतं, भराभर गिळलं जातं, पोट भरल्याचा निरोप यायच्या आत ताट रिकामं होतं. चटणीचा घास जिभेवर अडतो. मिरची, आंबट, कडसर पुदिना. काकीच्या हातची चटणी कुणी भराभर खाऊन दाखवावी.

पण थांबण्याची कला कारखान्याने शोधली, असं अर्नाळ्याच्या माणसाने तरी म्हणू नये. मे महिन्यात किनाऱ्यावर या. सुरूच्या झाडांपलीकडे बांबूच्या मांडवांवर बोंबील टांगलेले असतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून, जोडीजोडीने. ताज्या बोंबलात शंभरातले जवळजवळ नव्वद भाग पाणी असतं. ऊन आणि वारा ते काढून घेतात. मीठसुद्धा लागत नाही. तो वर्षभर थांबतो. वासाबद्दल पाहुण्यांनी तक्रार करू नये. आणि चवीचं म्हणाल तर शेवयांच्या पुडीवरच्या 631 चं मूळ गाव तेच आहे. जपानात इकेदांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं केलं, जे पुढे 621 झालं. त्यांचे शिष्य कोदामा यांनी 1913 मध्ये वाळवलेल्या माशातून इनोसिनेट काढलं, तो हा 631. म्हणजे वांग्यात मूठभर सुकट टाकताना काकी जे करते तेच शेवयांच्या मसाल्याची पुडी करते. 2015 च्या जूनमध्ये मॅगीवर बंदी आली, शिसं आणि ‘एमएसजी नाही’ या छापलेल्या दाव्यावरून, आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. त्या काळात आमच्या किनाऱ्यावर एका कोळीणमावशीने मला विचारलं होतं, त्या पावडरीत असतं काय एवढं? तेव्हा मला उत्तर ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर सांगितलं असतं, मावशी, तुझा मांडव असतो.

या किनाऱ्याला खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटली. 2018 च्या जुलैत गोव्यात मासळीला फॉर्मलिन लावल्याचा गवगवा झाला, सरकारने बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद केली, आणि इथे विरारच्या बाजारातही गिऱ्हाईक करली-पापलेटाला नाक लावून हुंगायला लागलं. फॉर्मलिन अन्नाला लावायची परवानगीच नाही. ते मुडदे टिकवायचं द्रव्य, अन्नाचं नव्हे. त्याला कुठलं पान उतारा होणार? ज्या दिवसाची मासळी त्या दिवशी, ओळखीच्या टोपलीतून, एवढंच.

आणि संध्याकाळी किनाऱ्यावर मंच्युरियनची गाडी लागते. मुंबईची सहलीची माणसं, आमचीही पोरं. लालभडक गोळे, वर हिरवी पात. 2024 च्या मार्चमध्ये कर्नाटकाने गोबी मंच्युरियनमधले कृत्रिम रंग आणि कापूसमिठाईतलं रोडामाइन बंद केलं; त्याच वर्षाच्या सुरुवातीला म्हापशाच्या नगरपालिकेने तर गोबी मंच्युरियनच हद्दीबाहेर काढायचं ठरवलं. मला म्हापशाचा कडकपणा आवडत नाही. रंग काढा, गोबीने काय घोडं मारलंय? भाच्याने एकदा गाडीवाल्याला धीटपणे विचारलं, लाल रंग कुठला? तो म्हणाला, मिरचीचा. भाचा माझ्याकडे पाहून कुजबुजला, “160सी?” मी मान हलवली. आपल्याला आवडेल ते उत्तर देणं हाही धंद्याचा भाग असतो. हळदीलाही झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट लावणारे आहेतच. शिशाचा रंग लावलेली हळद यकृत धुवायला पाण्यातून प्यायची, यापुढे विनोद नाही. काकी ओली हळद आणते, उकडते, वाळवते, कुटते. तिला लेड क्रोमेट हा शब्दही माहीत नाही.

आता चौथा उतारा. काकीची वाडी अकरा गुंठे. मागे बावखल, म्हणजे वाडीचं तळं, ज्याचं पाणी एकेकाळी रहाटाने चढायचं, आता पंपाने. नारळ, केळी, दोन सोनचाफे, आणि बावखलाच्या काठाला, केळींच्या पायाशी ओलावा असतो तिथे, चार हात रुंदीचा एक वाफा. कोथिंबीर-पुदिन्याचा कारभार तेवढ्या पट्ट्यावर चालतो. उन्हाळ्यात पाणी मचूळ होऊ लागलं आहे. वसईच्या विहिरींचं पाणी टँकरांनी गेलं त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईवाले लढले तेव्हा काकी मोर्चाला जाऊन आली होती, अजून सांगते. नारळ थोडा खार सोसतो, कोथिंबीर सोसत नाही. एप्रिलमध्ये पिशवी हलकी येते, तेव्हा मला बावखलाची बातमी कळते.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा माझा चुलतभाऊ, भाच्याचा बाप, सातबारा छापून घेऊन आला होता. कुणीतरी वाडीला भाव विचारून गेलं होतं. देऊ या असं कुणी म्हटलं नव्हतं, नको असंही नाही. काकीला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तिने उतारा माझ्या हातात दिला. मी वाचला. नावं, क्षेत्र, आकार. मग पिकांचा रकाना. केळी. नारळ.

“पुदिना?” काकीने विचारलं.

“नाही लिहिलाय.”

“कोथिंबीर?”

“नाही गं.”

ती भाच्याकडे वळली. ई-पीक पाहणीचं काम मोबाइलवर तोच करतो. “आता नोंदवशील तेव्हा टाक.”

“आज्जी, एवढ्याशा वाफ्याचं कुठे टाकायचं?”

काकी काही बोलली नाही. उठली, विळा घेतला, आणि बावखलाकडे गेली. ऊन कलतं होतं. थोड्या वेळाने ओलं फडकं घेऊन आली. नेहमीपेक्षा जुडी मोठी होती.

गाडी विरारला पोचली तेव्हा सात वाजून गेले होते. पिशवीतलं पाणी झिरपून माझ्या मांडीवर ओला डाग पडला होता. स्टेशनबाहेर वडे तळत होते, पलीकडे पावभाजी, पलीकडे लाल गोळे. मला भूक लागली होती. फडकं उघडून पाहिलं. पुदिन्याने माना टाकायला सुरुवात केली होती. मी रिक्षा केली आणि सरळ घरी आले.